बाबांचं ‘ने’

६ नोव्हेंबर

बारक्या,

तुझा हा ई-मेल मला मावशीने दिला. तू तिला बजावलं होतंस म्हणे, ताईला देऊ नकोस म्हणून. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि उठेचना, तेव्हा तिने तो कागदावर लिहून दिला आणि वर म्हणाली, "मी दिलेला नाही, तू घेतलास." तर मी घेतलाय.

बाबांना झटका आला. गेल्या महिन्यात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हाच कळवलं नाही, कारण तू वाचणार नाहीस असं वाटलं. आणि तू वाचशील आणि तरी काही बोलणार नाहीस, याची भीती त्याहून जास्त वाटली.

वाचा गेली म्हणजे सगळी नाही. एक शब्द उरलाय. पाणी हवं असलं तरी तोच, उशी सरकवायची असली तरी तोच, नर्स समोर आली तरी तोच. तो शब्द ‘ने’ आहे.

आता हे पान बंद करू नकोस. हा शब्द तुझ्या कानात कसा बसलाय ते मला माहीत आहे. आई गेली त्या दिवशी कंपनीतल्या माणसाने तुला बाबांच्या जहाजावर फोन जोडून दिला. तू विचारलंस, "बाबा, आम्ही थांबू ना?" बाबा म्हणाले, "ने." आणि लाइन तुटली. तू बाहेर आलास, जिन्यावर माणसं खोळंबून उभी होती, तू म्हणालास, "ने म्हणाले. चला." आणि आपण आईला नेलं. संध्याकाळी बॅग भरताना तू मला म्हणालास, "बायको गेली आणि हा माणूस एक अक्षर बोलला, ताई. एक." या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तुझं ते वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही, बाबांनाही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते घरी येऊन पोचले, तेव्हा तू गेलेला होतास. त्यांनी बॅग दारातच ठेवली, आत एक चक्कर मारली, पाणी मागितलं. काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मीही बोलले नाही. आपल्या घरात असंच चालतं, तुला सांगायला नको.

मी तुझी बाजू घेत नाही आणि त्यांचीही घेत नाही. मला मदत हवी आहे, आणि ती तूच करू शकतोस.

त्यांचं डावं पाऊल काळं पडलंय. साखरेमुळे. जी बाजू धड आहे तिचंच. सर्जन म्हणतात, गुडघ्याखालून काढावं लागेल, नाहीतर विष वर चढेल. परवा ते खाटेशी वाकून मोठ्याने म्हणाले, "आजोबा, पाय काढावा लागेल. चालेल ना?"

बाबा म्हणाले, "ने."

सर्जन माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. नेऊन टाका पाय, म्हणतायत." नर्स म्हणाली, "कुठे हो डॉक्टर, नको म्हणायचंय त्यांना, ‘न’ तर निघाला तोंडातून." आणि मला ऐकू आलं, "मला घरी ने." तीन माणसं, तिघांना तीन अर्थ. मी सही केली नाही. म्हटलं, मला जरा वेळ द्या.

तुला आठवतं का, प्रत्येक सफरीवरून ते खाऊ आणायचे विसरायचे, पण त्या जहाजावरच्या लोकांचं हो आणि नाही मात्र आठवणीने आणायचे. जेवताना प्रश्न विचारायचे आणि उत्तर परक्या भाषेत द्यायला लावायचे. मी नेहमी चुकायचे. तुला सगळं पाठ होतं. त्यात एक ‘ने’ होतं, एवढंच मला आठवतंय. ते हो होतं की नाही? एवढं सांग. दुसरं काही लिहू नकोस हवं तर.

ताई


९ नोव्हेंबर

बारक्या,

उत्तर नाही. हरकत नाही म्हणायची पद्धत असते, पण हरकत आहे.

सर्जननी बाबांच्या पायावर काळेपणा जिथे संपतो तिथे पेनाने रेघ मारली होती. आज सकाळी रेघ दिसली नाही. नर्सने धुतली असेल म्हणून मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "रेघ आहे ना, ही काय. काळ्यात बुडालीय." सर्जन आता आणखी चारपाच दिवसांच्या वर थांबायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं असं की म्हाताऱ्याला समजतंय, नजर ठरतेय, तेव्हा त्याची इच्छा कळायला हवी. नाहीच कळली तर मुलांनी ठरवायचं. मुलांनी, असं ते म्हणतात. मी दरवेळी मागे वळून बघते, आणखी कोण उभं आहे का.

मी दुकानात जातेय अधूनमधून. चष्म्याच्याच दुकानात आहे अजून, तू होतास तेव्हापासून. काल एका गिऱ्हाइकाचा चष्मा दुसऱ्याला दिला. तो बिचारा घालून दारापर्यंत गेला आणि पायरीला अडखळला. मालक म्हणाले, "बाई, घरी जा. कुणाची तरी हाडं मोडतील."

जायच्या आधी एक काम मात्र झालं. आमच्याकडे एक निवृत्त भाषेच्या बाई येतात. तुला सोडून विचारावं असं दुसरं कुणी डोक्यात आलं नाही, म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर भिंगं लावता लावता मी विचारलं, "बाई, ‘ने’ म्हणजे काय?" त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग गंमत नाही हे कळलं तेव्हा त्या काउंटरवरच बसल्या.

आपलं ‘ने’ आलं ‘नी’ या जुन्या धातूवरून. वाट दाखवत पुढे नेणं. नेता त्यातलाच, नीतीही त्यातलीच, आणि नेत्रही, कारण डोळाच माणसाला नेतो. मी इतकी वर्षं डोळ्यांचं काम करतेय आणि हे मला माहीत नव्हतं. बरं, आणखी एक ‘ने’ आहे, शेपटीसारखं. रामूने, सुरीने, मुलाने. पुढचा शब्द गळून नुसती शेपटी राहिली असेल तर? कुणीतरी काहीतरी केलं, पण कुणी, ते गळालं. हे ऐकून मी दोन तास बाबांच्या तोंडासमोर नावं घेत बसले. सगळ्यांना "ने."

बाई पुढे म्हणाल्या, सर्बियन, बल्गेरियन, चेक, या सगळ्यांत ‘ने’ म्हणजे नाही. ते आपल्या ‘न’चं लांबचं भावंडच. आणि त्यांच्या शेजारी ग्रीक लोक राहतात, त्यांचं ‘ने’ म्हणजे हो. त्याचं मूळच निराळं, पूर्वी ‘खरंच’ असं शपथेवर म्हणत त्यातलं. कोरियन लोकांचंही ‘ने’ म्हणजे हो, आणि त्याचं या कुणाशीच नातं नाही. जपान्यांचं वाक्याच्या शेवटी येतं, आपल्या ‘हो ना’मधल्या ‘ना’सारखं. एवढंसं अक्षर आणि केवढं हे बिऱ्हाड. शेजारी शेजारी राहून एकाचं हो ते दुसऱ्याचं नाही. मी म्हटलं, बाई, हे आमच्या घरासारखंच झालं.

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. बाबा या सगळ्यांबरोबर जहाजावर राहिलेत. कुणाचं ‘ने’ उरलंय त्यांच्या डोक्यात?

म्हणून काल आचारीकाकांना शोधून काढलं. बाबा सुकाणूवर असायचे तेव्हा हे जहाजावर स्वयंपाक करायचे, दोघांनी तीन जहाजं बरोबर केली. आता मुलीकडे राहतात, गच्चीवरच्या खोलीत, कानाने कमी ऐकतात. मी विचारल्यावर आधी खूप हसले. म्हणाले, एका जहाजावर मुकादम ग्रीक आणि इंजिनवाला बल्गेरियन होता. मुकादमाने वरून विचारलं, शिडी बांधलीस का? खालून इंजिनवाला म्हणाला, "ने." मुकादमाने पाय टाकला आणि शिडीसकट पाण्यात. वर काढल्यावर तो पाण्याची गुळणी टाकून इंजिनवाल्याला म्हणतो, तू हो म्हणालास. आणि तो म्हणतो, मी नाही म्हणालो. "दोघेही खरं बोलत होते, पोरी," काका म्हणाले, "आणि भिजला एकटा."

म्हणजे पुन्हा निम्मं हो आणि निम्मं नाही. तिथेच आहे मी.

काकांनी आणखी एक सांगितलं. ते आज लिहीत नाही. दवाखान्यात जायचं आहे.

ताई


१० नोव्हेंबर

बारक्या,

कालचं पत्र पाठवल्यावर मला वाटलं होतं, ते राहिलेलं सांगायचंच नाही. काय उपयोग. पण सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि उठले. सांगून तुझं वाईट होणार आहे आणि न सांगता माझं होतंय. तू धाकटा असूनही तुझ्यावर टाकतेय. वाच.

आई गेली तेव्हा बाबा कोणत्या जहाजावर होते, ते मी काकांना विचारलं नव्हतं. त्यांनीच काढलं. म्हणाले, "तुझी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा घेऊन वरच होतो."

ते जहाज ग्रीकांचं होतं. कप्तान ग्रीक, त्याच्या हाताखालचा ग्रीक. बाबा दोन वर्षं त्यांच्याबरोबर होते. सुकाणूवरच्या माणसाला दिवसभर एकच काम. वरून हुकूम यायचा आणि त्याने हो म्हणायचं. डावीकडे, ने. सरळ, ने. हळू, ने. काका म्हणाले, "आम्हाला पण सवय लागली होती. मी घरी सुट्टीवर आलो तर बायकोला ‘ने’ म्हणायचो. ती म्हणायची, कुठे नेऊ?"

फोन आला तेव्हा कप्तान बाजूलाच उभा होता. बाबांनी फोन कानाला घट्ट धरला होता, आवाज तुटत होता. काकांना तुझं बोलणं ऐकू आलं नाही. त्यांना फक्त बाबा म्हणाले ते ऐकू आलं, "ने." मग बाबांनी फोन ठेवला आणि काकांना म्हणाले, "पोरं थांबतायत."

बारक्या, तू विचारलंस, आम्ही थांबू ना. आणि ते हो म्हणाले.

कप्तानाने त्यांना पुढच्या बंदरात उतरवलं. तिथून मिळेल त्या वाहनाने आले. आपल्याला वाटलं, उशिरा का होईना, तोंड दाखवायला आले. ते थांबलेल्या माणसांकडे आले होते.

मी काकांना विचारलं, "नंतर काही बोलले का ते, आम्ही थांबलो नाही त्याबद्दल?" काका बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "एकदाच. पुढच्या सफरीत. म्हणाला, पोरांना थांबा म्हटलं होतं, नाही जमलं त्यांना. असेल काहीतरी अडचण."

असेल काहीतरी अडचण. एवढंच.

तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर मलाही तेच ऐकू आलं असतं. आपल्या भाषेत त्या शब्दाला दुसरा अर्थच नाही, आणि समोर आई होती. बाबांचीही चूक काढता येत नाही मला. मी काल बसमध्ये चूक कुणाची हे शोधत होते आणि माझा थांबा मागे गेला.

हे तुला पत्रातून कळायला नको होतं. फोन उचलत नाहीस, मग कसं सांगू?

ताई


१२ नोव्हेंबर

बारक्या,

तुझी एक ओळ मिळाली. "हे मला आत्ता का सांगतेस?" कारण मला चार दिवसांपूर्वी कळलं. त्याच्या आधी कळलं असतं तर आधी सांगितलं असतं. मी रागावून लिहीत नाहीये.

आज काय झालं ते सांगते. मग तुला काय म्हणायचं ते म्हण.

दवाखान्यात एक मुलगी येते, वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवते. तिला मी सगळं सांगितलं, ग्रीक आणि बल्गेरियन आणि शेपटीचं ‘ने’. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बाबांना विचारलं, "आजोबा, तुम्ही बाई आहात का?"

"ने."

"तुम्ही पुरुष आहात का?"

"ने."

"मी हत्ती आहे का?"

"ने." आणि बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की हिलाच झटका आलाय की काय.

ती मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, "काकू, हे हो पण नाही आणि नाही पण नाही. पुराने सगळं घर वाहून जावं आणि एक पाट दारात अडकून राहावा, तसा हा शब्द राहिलाय. ते जे काही बोलायला जातात, त्याला हाताशी हाच येतो. शब्द सोडा. सूर ऐका, हात बघा. समजतंय त्यांना सगळं."

म्हणजे मी आठवडाभर कोश धुंडाळले ते फुकट. पण तिच्या शेवटच्या वाक्यावर मी अडले. समजतंय सगळं. म्हणजे पायाचं समजलंय. आणि आईच्या वेळचं जर मी त्यांना सांगितलं, तर तेही समजेल.

आधी पायाचं केलं. दुकानात मी दिवसभर जे करते तेच. गिऱ्हाइकाला कधी विचारायचं नाही, दिसतंय का नीट. लोक भिडेखातर हो म्हणतात. दोन भिंगं दाखवायची आणि विचारायचं, हे की हे? मी पाटीवर दोन चित्रं काढली. एक माणूस दोन पायांचा, खाटेवर आडवा, डोळे मिटलेले. एक माणूस एका पायाचा, खुर्चीत बसलेला. माझी चित्रकला तुला माहीत आहे, खुर्ची म्हशीसारखी दिसत होती. मी समजावून सांगितलं. पाय ठेवला तर काय, काढला तर काय. काही लपवलं नाही. मग म्हटलं, "बाबा, हे की हे?"

त्यांनी दोन्ही चित्रं पाहिली. आणि भिंतीकडे तोंड केलं. मी पाटी त्या बाजूला नेली, तर डोळे मिटले. सूर ऐका म्हणाली ना ती मुलगी, पण सूरच नव्हता. एक अक्षरही बोलले नाहीत. कालपर्यंत ज्या शब्दाने माझं डोकं उठवलं होतं, तो निघावा म्हणून मी वाट बघत बसले.

मला कळलं, हे काय आहे ते. त्यांना जगायचंच नाहीये. खुर्चीत बसून कुणाची वाट बघायची, असं.

मग मी सांगून टाकलं. योग्य होतं की नाही, मला अजून माहीत नाही. त्यांच्या पाठीशी बोलले, चेहरा दिसत नव्हता. म्हटलं, "बाबा, बारक्याने तुम्हाला फोनवर विचारलं होतं ना, थांबू ना म्हणून. तुम्ही ‘ने’ म्हणालात. त्याला वाटलं, तुम्ही म्हणताय, आईला ने. घेऊन जा, माझ्यासाठी थांबू नका. म्हणून नेलं. अडचण काही नव्हती. आम्ही थांबलो असतो."

मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. ओठ हलले. "ने." हळू, स्वतःशीच, जसा कुणी एखादा पदार्थ जिभेवर ठेवून बघतो. "ने." मग पुन्हा. मग भराभर, ने, ने, ने, आणि डावा हात खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटायला लागले. दुसरं काहीतरी बोलायचं होतं त्यांना, आणि तोंडातून तेच येत होतं, नेमकं तेच. स्वतःचं तोंड स्वतःला दाबून धरलं त्यांनी. नर्स धावत आली. रक्तदाब कुठल्या कुठे गेला होता. तिने मला खोलीबाहेर काढलं, आणि ओरडली, "काय सांगितलंत तुम्ही पेशंटला?"

इंजेक्शन दिलं. आता झोपलेत. मी बाहेरच्या बाकावर आहे, फोनवर लिहितेय, म्हणून चुका होत असतील. मी मारलं का त्यांना, असं सारखं वाटतंय. तू म्हणशील, कशाला सांगितलंस. सगळ्यांनाच मी सांगत सुटलेय, आणि सगळेच मला विचारतायत, कशाला सांगितलंस.

सर्जन म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत ठरवा.

माझा नंबर तोच आहे.

ताई


१३ नोव्हेंबर

बारक्या,

आज तुझा फोन झाल्यावर थोड्या वेळाने तू दवाखान्याच्या नंबरावर दोनदा लावलास, असं खालच्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. मी मुद्दाम खाली गेले नाही. बाबा त्या वेळी माझ्या हातात हात देऊन होते, आणि तो सोडवून घेणं मला जमलं नसतं. काय झालं ते आता लिहिते.

तू काय बोललास ते मला माहीत नाही. मी फोन त्यांच्या कानाला लावून धरला होता, नुसती कुजबुज ऐकू येत होती. एकदा वाटलं तू रडतोयस, एकदा वाटलं लाइन खराब आहे. विचारणार नाही. पण तुला इकडचं दिसत नव्हतं, म्हणून सांगते.

मी म्हटलं, "बाबा, बारक्या आहे," तेव्हा त्यांनी फोनकडे असं पाहिलं की तो चटका देईल. मग कान पुढे केला. तू बोलायला लागलास आणि ते हलेनात. श्वास घेतायत की नाही म्हणून मी छातीकडे बघत होते. मध्ये तू थांबलास. तेव्हा तुला वाटलं असेल, ते ऐकत नाहीयेत. ते तोंड उघडत होते आणि पुन्हा मिटत होते. त्यांना तो शब्द तुझ्या कानात घालायचा नव्हता, बारक्या. ओठ घट्ट मिटून, दातावर दात धरून बसले होते. गालावरून पाणी वाहत होतं आणि हुं की चूं नाही.

मग तू बहुतेक म्हणालास, बोला बाबा. एवढं मला ऐकू आलं. "बोला. कळतं मला." तेव्हा त्यांनी म्हटलं. एकदाच.

ते तू ऐकलंसच.

फोन बंद झाल्यावर त्यांनी हाताने काहीतरी दाखवायला सुरुवात केली. पाणी दिलं, ढकललं. उशी, नाही. शेवटी बोलणं शिकवणाऱ्या मुलीने खाटेखालून पाटी काढली, तर हात शांत झाला. चित्रं तीच होती, थोडी पुसटलेली. मी म्हटलं, "हे की हे?" त्यांनी खुर्चीवर बोट ठेवलं.

माझा विश्वास बसेना. डावीकडचं म्हणून डावा हात तिकडे गेला असेल. दुकानात अशा वेळी भिंगं उलटसुलट करून पुन्हा विचारतात. मी पाटी पुसली, चित्रांच्या जागा बदलल्या, पुन्हा काढली. पुन्हा खुर्ची. तिसऱ्यांदा वरखाली काढली. तेव्हा त्यांनी बोटाच्या पेराने पाटीवर टकटक केलं आणि म्हणाले, "ने," आणि त्याचा अर्थ मात्र कुणाला विचारावा लागला नाही. किती वेळा सांगू, असा होता.

सर्जन दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "झालं. याहून स्पष्ट सही मला धडधाकट माणसं देत नाहीत."

उद्या सकाळी पहिलंच ऑपरेशन त्यांचं. हृदय कमकुवत आहे, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही, असं भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं, सोसेल. जशी काही मीच देणार आहे.

मला भीती वाटतेय. एवढं सगळं जुळून आल्यावर आता काही झालं तर. तू जागा राहू नकोस. राहशीलच म्हणा.

ताई


१९ नोव्हेंबर

बारक्या,

तिकीट काढल्याचं वाचलं. रोज चार ओळींचे निरोप पाठवत होते, आज जरा निवांत आहे, म्हणून नीट लिहिते. तू विचारलंस, आत्ता येऊ की ते घरी गेल्यावर येऊ. आत्ता ये. घरी गेल्यावरही ये, पण आत्ता ये.

ताप उतरलाय. दोन दिवस वाईट गेले, ते तुला फोनवर सांगितलं नाही, आता संपलं म्हणून सांगते. जखम स्वच्छ आहे. रक्त द्यावं लागलं. भूल सोसली.

बोलणं शिकवणारी मुलगी रोज येते. आणखी एखादा शब्द येईल की नाही, ती काही वचन देत नाही. कधी येतो म्हणे, कधी नाही. मी आता कोश बघत नाही. भाषेच्या बाईंनी दुकानात निरोप ठेवला होता की त्यांना आणखी कुठल्याशा भाषेतलं ‘ने’ सापडलंय. त्यांना म्हटलं, बाई, राहू दे, पुढच्या चष्म्याच्या वेळी सांगा. वाईट वाटलं त्यांना. मावशी रोज येऊन बसते आणि बाबांशी तासभर बोलते, ते "ने" म्हणतात आणि ती "हो ना, तेच तर" म्हणते. दोघांचं उत्तम चाललंय.

त्यांना एकदम बघून तुला धक्का बसू नये म्हणून सांगते. बारीक झालेत. तोंड डावीकडे ओढलेलं आहे. पांघरुणाखाली डावी बाजू मध्येच संपते, तिकडे नजर जाते, जाऊ दे, त्यांना कळतं आणि चालतं. रडायचं असेल तर रड, पण जिन्यावर रडून आलास तर बरं.

आज त्यांना पहिल्यांदा खुर्चीत बसवलं. मी, नर्स आणि वॉर्डातला तो दांडगा माणूस, तिघांनी उचलून. खुर्ची खिडकीशी लावली. त्यांनी खाली पाहिलं, जिथे पाऊल असायचं तिथे. फार वेळ पाहत होते. मी काही बोलायला जाणार तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला, माझ्याकडून चमचा काढून घेतला आणि डाव्या हाताने भात खायला लागले. निम्मा गळ्यातल्या फडक्यावर सांडला. मी पुसायला गेले, तर कोपराने मला बाजूला सारलं. सगळी वाटी संपवली. मग रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

मी आणखी वाढलं.

रविवारी मी दुपारपर्यंत घरीच असेन. खालची घंटी बिघडली आहे, दार जोरात वाजव.

ताई